पडीचं रान

आमच्या आप्पांनी मला समोर बसवून सल्ला द्यायचा प्रयत्न आयुष्यात एकदाच केला. माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री. बाहेर मांडवात भावंडांचा दंगा चाललेला, माझे हात हळदीने पिवळे, आणि आप्पा म्हणाले जरा इकडं ये. गोठ्याशेजारच्या खोलीत नेलं, खाटेवर बसले, घसा खाकरला, वर आढ्याकडे बघितलं, मला वाटलं आता हा माणूस रडवणार. दोन मिनिटं तशीच गेली. मग म्हणाले, "पर्समधी सुट्टं ठिवत जा. पुण्यातलं रिक्षावालं सुट्टं देत न्हाईत." आणि उठून पंगतीचं बघायला निघून गेले.

तेव्हा मला हसू आलं होतं, थोडा रागही आला होता, की बाकीच्यांचे वडील कसे सासर-माहेर, सुख-दुःख असं काहीतरी बोलतात, आणि आमचं हे. पण माणूस 34 वर्षं एसटीत कंडक्टर. 1986 ला लागले आणि 2020 ला रिटायर झाले. सुट्टे पैसे हा त्यांच्यासाठी किरकोळ विषय नव्हताच कधी, दिवसातली निम्मी भांडणं त्याच्यावरूनच व्हायची. म्हणजे त्यांना जे सगळ्यात खात्रीनं माहीत होतं ते त्यांनी मला दिलं, एवढं मला कळायला पुढची सहा-सात वर्षं लागली.

आता चाळिशी जवळ आलीये, तर मागे वळून बघताना असं दिसतं की मला लक्षात राहिलेल्या गोष्टींपैकी एकही गोष्ट सल्ला म्हणून सांगितलेली नव्हती. सगळ्या कामाच्या सूचना होत्या. ज्याचं जे काम त्यातली. सल्ला म्हणून जे मिळालं ते बहुतेक सगळं विसरले, काही मुद्दाम विसरले. चार लोक काय म्हणतील, मुलीच्या जातीनं एवढं हसू नये, ॲडजस्ट करायला शिक, वगैरे. आणि म्हणींचं तर मला कधी जमलंच नाही, कारण म्हणी दोन्ही बाजूंनी बोलतात. एक म्हणते थांबला तो संपला आणि घाटातली पाटी म्हणते अति घाई संकटात नेई. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणणाऱ्याला पुण्यात टू बीएचके घेऊन दाखवायला सांगायला पाहिजे एकदा.

तर आप्पा. लहानपणी सुट्टीत कधीतरी मी त्यांच्या गाडीत बसायचे, कंडक्टरच्या शेजारी, खिडकीला. लाल डबा, आमच्या माणदेशातला रस्ता, खिडक्यांचा खडखडाट असा की बोलायचं तर ओरडूनच. आप्पांच्या हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे, वेगवेगळ्या रकमांच्या तिकिटांचे गठ्ठे, आणि चिमटा. चिमट्याचा टकटक आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो कधीकधी. घंटीची दोरी ओढायची मला फार हौस. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एकदा मी एका फाट्यावर माणसं चढल्या चढल्या धडाधड दोन घंट्या दिल्या आणि गाडी हलली, तर आप्पांनी लगेच एक घंटी मारून थांबवली. एक म्हातारी डोक्यावर बोचकं घेऊन शेताच्या बांधावरून पळत येत होती. ती चढेपर्यंत आप्पा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डबल बेल द्यायच्या आधी एकदा मागं बघायचं. कोणतरी पळत येतच असतंय."

बास. एवढंच. त्याचा अर्थ काय, आयुष्यात कुठे लावायचा, असलं काही नाही. पण मी ऑफिसात मीटिंग संपवताना "चला मग" म्हणायच्या आधी एकदा सगळ्यांकडे बघते, आणि दर तीन मीटिंगमागे एकदा तरी कोपऱ्यात बसलेला कुणीतरी तोंड उघडायच्या बेतात असतो. ते बहुतेकदा कामाचं असतं. नेहमी नाही, कधीकधी चहाचंही असतं.

दुसरी गोष्ट पैशांची. ज्यांनी एसटीने प्रवास केलाय त्यांना माहितीये की सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो आणि म्हणतो उतरताना घ्या. आता अर्धे लोक उतरताना विसरतात. आप्पांचं म्हणणं, देणं आपलं आहे ना, मग त्यानं मागायच्या आधी आपण हाक मारायची. मी विचारलं होतं एकदा, पण विसरला तर आपला फायदाच की. तर त्यांनी समजावून सांगितलं की फायदा कसला, बॅगेत जास्त पैसे सापडले तरी तो गुन्हाच. ड्युटीवर जाताना स्वतःच्या खिशातले पैसे किती ते वेबिलवर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहावं लागतं. मधेच लाइन चेकिंगवाले चढले आणि तिकिटं विकली त्यापेक्षा रोकड कमी भरली तर प्रश्न, आणि जास्त भरली तरी प्रश्न. "कमी भरलं तर बावळट म्हणत्यात, जास्त भरलं तर चोर म्हणत्यात. मंग बावळट परवाडलं."

मी अकाउंट्समध्ये काम करते. एका कंपनीत असताना माझ्या खात्यात प्रवासखर्चाचे 18 हजार दोनदा जमा झाले. शेजारची मैत्रीण म्हणाली गप बस, ऑडिटमध्ये निघालं तर बघू. मी दोन दिवस गप बसलेसुद्धा, खोटं कशाला सांगू, सणाचे दिवस होते आणि पैसे हवेच होते. तिसऱ्या दिवशी मेल केला. प्रामाणिकपणा वगैरे काही नाही हो, मला फक्त सारखं वाटत होतं की पुढच्या स्टॉपला कुणीतरी खाकी कपड्यात चढणार आहे.

आप्पांना एसटीचा अभिमान एवढा, की 1 जून आला की घरात कुणाचा तरी वाढदिवस असल्यासारखं वागतात. 1948 साली त्या तारखेला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, आणि तिच्यावर लक्ष्मण केवटे कंडक्टर होते, हे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. आणि ह्याच अभिमानातून आप्पांनी मला सगळ्यात चुकीची गोष्ट पण सांगितली, ती म्हणजे पर्मनंट. पर्मनंट नोकरीशिवाय माणूस म्हणजे स्टॅंडवर झोपलेला प्रवासी, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या जागी ते बरोबरच होतं. ज्या घरात पाऊस पडला तर जेवण, त्या घरात महिन्याच्या ठराविक तारखेला पगार आणणारा पहिला माणूस ते होते. पण म्हणून मी बी. कॉम. झाल्यावर 2010 ला एमपीएससीच्या तयारीला पुण्यात आले, आणि तीन वर्षं गेली.

सदाशिव पेठ, कॉट बेसिस, एका खोलीत पाच जणी, अभ्यासिकेत नंबर लावायला पहाटे उठायचं. ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही केलं त्यांना सांगून कळणार नाही. तिथल्या मेसवाल्या काकूंचं एक वाक्य मात्र सांगते. रविवारी संध्याकाळी मेस बंद. पूर्वपरीक्षेचा निकाल नेमका अशाच एका रविवारी कळला, माझं झालं नव्हतं, आणि मी जिन्यात उभी राहून घरी फोन लावत होते. काकू कुठून तरी बाहेरून येत होत्या, त्यांनी तोंड बघितलं आणि फोन हातातून घेऊन बंद केला. म्हणाल्या, "उपाशीपोटी घरी फोन करायचा नाही. आधी खा, मग काय रडायचं ते रड." आत नेऊन दुपारचा भात फोडणी टाकून दिला. खाऊन झाल्यावर मी फोन केला आणि खरंच, आईला फक्त एवढंच सांगितलं की नाही झालं, पुढच्या वेळी बघू. जिन्यातून केला असता तर काय काय बोलले असते, आणि आईने रात्रभर काय केलं असतं. काकूंनी वर्षानुवर्षं पोरींना जिन्यात फोन करताना बघितलं असणार. नंतर त्यांनी माझे दोन महिन्यांचे पैसे थकल्यावर मला चारचौघींत सुनावलंही, ते वेगळं.

पुढच्या वेळी पण नाही झालं. तिसऱ्याही वेळी नाही. आप्पा म्हणायचे अजून एकदा बस, एवढी वर्षं घातलीस तर. हे "एवढी वर्षं घातलीस तर" फार वाईट असतं.

ह्यातून मला सोडवलं मामाने. माझं आजोळ विट्याजवळ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या त्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातली माणसं पिढ्यानपिढ्या भारतभर गलाईची दुकानं चालवतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. रान कोरडं, म्हणून माणसं बाहेर पडली, आणि आज देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात मागच्या बोळात गेलात तर शेगडीपुढे मराठी माणूस सापडायची शक्यता भरपूर. मामा त्रिशूरला. मल्याळम अशी बोलतो की तिथल्या लोकांना तो तिथलाच वाटतो, आणि घरात शिरला की "आगं ताई, भाकरी हाय का" सुरू.

2013 च्या मे महिन्यात मी हवापालट म्हणून आईबरोबर त्याच्याकडे गेले होते. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, वास असा की पहिल्या दिवशी डोकं दुखलं. मामाने मला सगळं दाखवलं. जुना दागिना आला की गिऱ्हाइकासमोरच वजन करायचं आणि आकडा त्यालाच मोठ्याने वाचायला लावायचा. मग सोन्यात उलट चांदी मिसळायची, म्हणजे शुद्ध करायचं तर आधी अजून अशुद्ध करायचं, मला हे फार गंमतीचं वाटलं. मग ते तेजाबात टाकलं की चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि खाली तपकिरी मातीसारखा गाळ उरतो. तो गाळ म्हणजे सोनं. बघितलं तर कुणीही झाडून फेकून देईल. तो गाळ परत मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, घालून तापवायचा, 1064 डिग्रीला सोनं वितळतं, आणि तेव्हा कुठे ते पिवळं दिसायला लागतं.

तर एक दिवशी मामा मूस हातात धरून उजेडाकडे फिरवून बघत होता. आणि बाजूला टाकली. मी म्हटलं का हो मामा, चांगली तर दिसतीये. त्याने नखाने दाखवलं, केसाएवढी चीर. मी म्हटलं मग अजून एकदा चालेल की, कालपर्यंत चाललीच ना. मामा म्हणाला, "पोरी, मूस कितीची आणि आतलं सोनं कितीचं? तडाकलेल्या मुशीत सोनं टाकायचं न्हाई. मूस दुसरी मिळती." एवढं बोलून तो दुसरी मूस घ्यायला उठला. त्याच्या डोक्यात माझी परीक्षा नव्हती, मी शपथेवर सांगते, त्याला एमपीएससीचा लाँग फॉर्म पण माहीत नव्हता. पण मी त्या स्टुलावर बसून राहिले. परतीच्या रेल्वेत आईला सांगितलं की मी फॉर्म भरत नाहीये. जूनमध्ये टॅली शिकले, ऑगस्टमध्ये नोकरी. आप्पा सहा महिने माझ्याशी तिकिटापुरतंच बोलले, म्हणजे हो, नाही, किती.

आता आजी. खरं तर ह्या लेखाची सुरुवात आजीपासून व्हायला पाहिजे होती, पण तिच्याबद्दल लिहायचं मी टाळत होते, कारण ते अजून नीट पचलेलं नाहीये.

आजी म्हणजे आप्पांची आई. तिची एकच गोष्ट आमच्या घरात सांगितली जायची, ती म्हणजे 72 चा दुष्काळ. त्या वर्षी पाऊस पडलाच नाही, ना खरीप ना रब्बी. विहिरींचे तळ दिसले. सरकारने दुष्काळी कामं काढली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना ह्याच काळात राज्यभर पोचली, मे 1973 मध्ये जवळजवळ 50 लाख माणसं अशा कामांवर होती. त्यातली एक आमची आजी. पाझर तलावावर खडी फोडायची. हातोडीने बोटं सुजलेली, उन्हात डोक्यावर नुसता पदर. कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, जिची भाकरी आमच्या मालदांडी ज्वारीच्या भाकरीपुढे जनावरसुद्धा खाणार नाही असं आजी म्हणायची. आणि हे सगळं चालू असताना घरात, माळवदाच्या खोलीत, एका कणगीत, म्हणजे धान्य साठवायच्या मोठ्या टोपलीत, मालदांडीचं बी होतं. निवडक कणसांचं, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून, वरून शेणानं लिंपलेलं. सहा एकराचं सहा पायल्या. पायली म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, एकराला पायलीभर लागायचं.

आजीने त्याला हात लावला नाही. ही ती गोष्ट. घरात सात माणसं, समोर कणगी, आणि खायला मिलो. आजी म्हणायची, "बी खायचं नसतंय. बी खाल्लं की म्होरलं वरीस खाल्लं." आणि हिशेब केला तर तो अगदी बरोबर आहे बघा, सहा पायल्या सात माणसांना आठ-दहा दिवस पुरल्या असत्या. आठ-दहा दिवसांसाठी अख्खं वर्ष. 73 ला पाऊस झाला, आजीने कणगी फोडली आणि पेरलं, ज्यांनी खाल्लं होतं ते बियाण्यासाठी दारोदार फिरले. आप्पा ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे थांबायचे आणि आमच्याकडे बघायचे. त्या सहा एकरांचे तुकडे आम्हाला पाठ, विहिरीचं रान, आंब्याचं, देवाचं, आणि ओढ्याकडचं ते पडीचं रान. पडीच्या रानात आता चुलतभावाने डाळिंब लावलंय, चांगलं येतं.

मी ती गोष्ट फार मनावर घेतलेली. माझं बी म्हणजे एक एफडी होती, एक लाख ऐंशी हजारांची, स्वतःचं छोटं ऑफिस टाकायला. दुकानदारांचे जीएसटी रिटर्न, हिशेब, एवढंच. मग आलं 2020. नवऱ्याचं काम इव्हेंटचं, ते मार्चमध्ये बंद पडलं ते पडलंच. माझा पगार साठ टक्क्यांवर. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, पण व्याज चालूच होतं, आणि मी अकाउंट्सवाली असल्यामुळे ते मला रोज रात्री दिसायचं. नवरा म्हणाला एफडी मोड. मी म्हटलं नाही. बांगड्या गहाण ठेवल्या, स्कूटर विकली, पण एफडी नाही. आणि सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं ते पुढे ढकललं. हॉस्पिटलं सुरू झाल्यावरही ढकललं. त्या म्हणाल्या असू दे गं, मला कुठं वाचायचंय. पाच-सहा महिने त्या भिंतीला हात लावत बाथरूमला जात होत्या, आणि मी मनात आजीची कणगी घेऊन बसले होते, स्वतःवर खूश.

ऑफिस टाकलं 2021 ला. चालतंय बरं. ऑपरेशन पण झालं नंतर, सासूबाई आता सिरीयलमधल्या बायकांच्या साड्यांचे काठ सांगतात. पण आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेले होते. आत्या आप्पांपेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणजे 72 ला चौदाची, तीही आजीबरोबर खडीवर जायची. ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. मी आपली आजीची कणगीची गोष्ट काढली, आणि ऑफिसची कशी त्यातून झाली ते सांगितलं, जरा फुशारकीनेच. आत्या शेंगा फोडत ऐकत होती. मग म्हणाली, "न्हाय लावला हात म्हंतो व्हय तुझा बाप?"

मी म्हटलं म्हणजे?

"त्यो दहा वर्साचा. मिलू पोटात ठरना त्याच्या. खाल्लं की जुलाब. नुसतं हाडाचं सापळं झालं हुतं पोराचं." आजीने पंधरा दिवस बघितलं. मग रात्री सगळे झोपल्यावर कणगीचं तोंड फोडलं, मापट्याने बी काढलं, राख पाखडून धुतलं, आणि दळायला बसली. आत्या जागी होती. आत्या म्हणाली की दळताना आई एरवी ओव्या म्हणायची, सबंध आळीला ऐकू जायच्या, पण त्या रात्री नुसतंच जातं. तेही हळूहळू, थांबून थांबून. सकाळी त्या पिठाची पातळ आंबील करून पोराला पाजली आणि कणगी परत लिंपली. असं चार-पाच वेळा. आजोबांनाही सांगितलं नाही, पोराला सांगितलं मिलोचीच आहे, आज नीट शिजलीये.

"त्याला कळलंच न्हाय?"

"कळाया त्यो काय शुद्धीत हुता? आनि तू बी सांगू नगंस आता. ह्या वयात कशापायी."

मी बराच वेळ शेंगा फोडत बसले. मग विचारलं, मग पेरायला पुरलं का?

"कुटलं पुरतंय. पायलीभर कमी पडलं. वड्याकडचं रान तसंच ऱ्हायलं त्या वर्सी."

"म्हणजे पडीचं रान?"

"मंग," आत्या म्हणाली, आणि टरफलांचं सूप उचलून झाडाखाली ओतायला गेली.